काठी बघायला जाण्याचा व्हिसा

व्हिसाच्या अर्जात ‘कोणकोणती ठिकाणं पाहणार’ असा एक रकाना असतो. त्यात रेम्झींनी निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरांत लिहिलं : एक काठी. मग ते जरा थांबले, आणि माहिती अपुरी राहू नये म्हणून कंसात भर घातली : (नदीतली. उंची सहा मीटर.)

“कंस काढ,” त्यांची बायको नेर्मिन म्हणाली. “कंसामुळे जास्तच वेडसर दिसतंय.”

खरं म्हणजे रेम्झींना वेडसर म्हणणारा माणूस एदिर्ने शहरात शोधूनही सापडला नसता. कंटाळवाणे म्हणणारे मात्र बरेच होते. मेरिच नदीच्या अलीकडच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या काठावर, पाण्यात रोवलेल्या मोजकाठीवरून रोज सकाळी सात वाजता नदीची पातळी वाचायची, हे काम त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. एकूण नऊ हजार आठशे बासष्ट वेळा. स्वतःच्या मुलाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते आधी काठीकडे गेले आणि मग मुलाकडे.

नदीचा पलीकडचा काठ ग्रीसचा. तिथेही समोरासमोर अशीच मोजकाठी, आणि तिच्यावर अनेस्ती नावाचा माणूस. सात वाजून पाच मिनिटांनी रेम्झींनी फोन करून आपला आकडा सांगायचा, मग अनेस्तीने त्याचा. बाकी कशाबद्दल नाही तरी पुराबद्दल दोन्ही देशांचं एकमत असावं, अशी वरच्या साहेबांची इच्छा होती. अनेस्तीची आजी मूळची इकडची. तिच्याकडूनच तो तुर्की शिकला. त्यामुळे साठीचा हा गृहस्थ, सासरी निघालेल्या नातीला चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात तसा नदीबद्दल बोलायचा. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. मध्ये एकशे ऐंशी मीटर पाणी आणि दोन्हीकडे सैन्याच्या चौक्या. धुकं नसलं की हात हलवायचे, एवढंच.

आता मुद्दा असा, की अनेस्तीचा आकडा रेम्झींच्या आकड्यापेक्षा नेहमी अकरा सेंटिमीटरने जास्त असे. उन्हाळा असो, पूर असो, अकरा म्हणजे अकरा. नदी एक, पाणी एक. म्हणजे दोनपैकी एका काठीचा शून्य चुकीच्या जागी होता. कुणाच्या? दाढेत अडकलेल्या तिळासारखा हा प्रश्न रेम्झींनी सत्तावीस वर्षं सांभाळला होता. शून्य आपलाच चुकलेला असणार, अशी त्यांना आतून भीती होती, कारण अनेस्तीसारखा काटेकोर माणूस त्यांनी दुसरा पाहिला नव्हता. एकदा रेम्झींना सणसणून ताप होता. त्यांनी दोनशे त्र्याऐंशी वाचलं, घरी आल्यावर वाटलं की आपण चुकलो, दोनशे अडतीस असणार. पण अनेस्तीने त्या दिवशी दोनशे चौऱ्याण्णव सांगितलं होतं. बरोब्बर अकरा जास्त. रेम्झींनी खोडायला उचललेलं पेन खाली ठेवलं. तापातसुद्धा आपण चुकत नाही, याचा त्यांना पुढे बरेच महिने अभिमान वाटत होता.

जूनमध्ये रेम्झी निवृत्त झाले. त्यांच्या काठीच्या जागी एक विजेचं यंत्र आलं, आणि काठीचा दोन मीटरचा तुकडा त्यांना आठवण म्हणून मिळाला. नेर्मिनने त्यावर गच्चीतले टोमॅटो चढवले.

आणि सप्टेंबरच्या वीस तारखेला अनेस्तीचा फोन आला.

“रेम्झी एफेंदी,” तो नेहमीच्या, आजीच्या वेळच्या अदबीने म्हणाला, “चोवीस ऑक्टोबरला आमचे लोक माझी काठी काढायला येताहेत. त्याच्या आत तुम्ही या.”

“का? काय झालं?”

“फोनवर बोलण्यासारखं नाही. आणि येताना तुमची जुनी काठी घेऊन या.”

रेम्झींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. दोन्ही काठ्या, शेजारी शेजारी, शून्याला शून्य लावून! हे आपल्याला इतकी वर्षं कसं सुचलं नाही?

“रीतसर आमंत्रणाचं पत्र पाठवता का? अर्जाला जोडतो.”

“लेखी काही नको,” अनेस्ती घाईघाईने म्हणाला. “बापाच्या घरून लेखी काही नेऊ नये, देऊ नये. पर्यटक म्हणून या.”

ही म्हण रेम्झींना कळली नाही. पण आजीची असेल म्हणून त्यांनी ती सोडून दिली.

तर अर्ज. नेर्मिनचाही अर्ज बरोबरच करायचा होता, कारण तिच्या मते काठी बघायला गेलेल्या माणसावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. तिने त्याच रकान्यात लिहिलं : समुद्र, मासे, खरेदी. तिला दीड मिनिट लागलं.

मग वरच्या मजल्यावरच्या विल्दानताई आल्या. त्यांची मुलगी तीनदा युरोपात जाऊन आलेली, त्यामुळे अख्ख्या इमारतीत व्हिसाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

“रेम्झीभाऊ, हे काय? अक्रोपोलिस लिहा.”

“पण मी अक्रोपोलिस बघणार नाहीये.”

“कोण बघतं? माझ्या मुलीने तिन्ही वेळा लिहिलं. एकदा तरी फिरकली का तिकडे?”

“मग लिहायचं कशाला?”

“त्यांना बरं वाटतं!”

रेम्झींनी पेनाला टोपण लावलं. नऊ हजार आठशे बासष्ट नोंदींच्या खाली ज्याची सही आहे, त्याने कुणाला बरं वाटावं म्हणून काही लिहायचं असतं, ही कल्पनाच त्यांना शिवली नव्हती.

एक ऑक्टोबरला भेटीची वेळ मिळाली. सकाळी दोघं गाडीत बसणार एवढ्यात रेम्झींच्या लक्षात आलं की आपला चष्मा वर राहिला. ते गाडीच्या टपावर कागदांची फाइल ठेवून मागे वळले. आता, निघालेल्या माणसाच्या मागे पाणी ओतायचं, म्हणजे तो पाण्यासारखा सुरळीत जातो आणि पाण्यासारखा परत येतो, हे काही विल्दानताईंनी शोधून काढलेलं नाही. ती जुनी रीत आहे. पण रीत गाडी सुटल्यावर अंगणातून तांब्याभर ओतायची आहे. विल्दानताईंनी गुडघ्यांचा विचार करून तिसऱ्या मजल्यावरून बादली ओतली, आणि दार लागल्याचा आवाज ऐकून ओतली. दार लागलं होतं खरं, पण नेर्मिनच्या बाजूचं.

“सुखरूप जा, सुखरूप या!” वरून आवाज आला. मग जरा वेळाने, “अगोबाई, अजून इथेच का?”

व्हिसाच्या कचेरीत खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. नेर्मिनचे कागद पर्समध्ये होते, ते कोरडेठाक. मुलीने ते चळत सरळ करून बाजूला ठेवले. रेम्झींचे तिने दोन बोटांनी उचलले. जन्मनोंदीच्या उताऱ्याची शाई हॉटेलच्या बुकिंगवर उतरली होती आणि बुकिंगची शाई रेम्झींच्या फोटोवर.

“काका, हे पुढे जाणार नाही. उतारा नवीन काढून आणा. आणि हा रकाना... ही काठी म्हणजे स्मारक आहे का?”

“नाही.”

“धार्मिक वगैरे?”

“मोजकाठी आहे.”

“तिकीट असतं?”

“नसावं.”

“मग ती प्रेक्षणीय कशी, काका?”

हा घाव रेम्झींना अपेक्षित नव्हता. त्यांनी पाण्याचा दाब, शून्याची निश्चिती आणि अकरा सेंटिमीटर या क्रमाने समजावून सांगायला सुरुवात केली. शून्याच्या निश्चितीपर्यंत पोचतात तोवर मागच्या रांगेतला एक माणूस खाली बसला. मुलगी शेवटी म्हणाली, “बरं, काठी राहू द्या. उतारा तेवढा आणा. आठ तारखेला या.”

रेम्झी तडक नोंदणी कचेरीत गेले.

“साधा हवा की सविस्तर?” तिथल्या कारकुनाने विचारलं.

“सविस्तर,” रेम्झी म्हणाले. “काहीही वगळू नका.”

या एका वाक्यावर पुढचे तीन आठवडे उभे आहेत.

आठ तारखेला विल्दानताईंना पाणी न ओतण्याबद्दल स्पष्ट शब्दांत सांगण्यात आलं. फाइल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून रेम्झींनी पोटाशी धरली. खिडकीतल्या मुलीने सविस्तर उतारा उघडला आणि बोटाने ओळी वाचत गेली. वडील, आई, रेम्झी, रेम्झींचा धाकटा भाऊ शाकीर. बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढे आलं.

“काका, तुमची आई एकच?”

“म्हणजे?”

“तुमचा जन्म एक जानेवारी एकोणसाठ. तुमच्या भावाचा एक मे एकोणसाठ. आई तीच, वडील तेच. मध्ये चार महिने.”

रेम्झींनी कागद हातात घेतला. हे आकडे त्यांनी जन्मभर पाहिले होते, पण एकाखाली एक कधीच पाहिले नव्हते. काठीवरचा अर्धा सेंटिमीटर ज्यांच्या नजरेतून सुटला नाही, त्यांच्या नजरेतून अख्खा भाऊ सुटला होता.

त्याचं कारण साधं होतं, आणि गावात सगळ्यांना ठाऊक होतं. खेड्यातून शहरात जन्म नोंदवायला कुणी मुद्दाम जात नसे. रेम्झींचे वडील खेचर विकायला शहरात आले, तेव्हा त्यांनी लगे हाथ दोन्ही मुलं नोंदवून टाकली. दोघांना शाळेत आणि सैन्यात एकाच वेळी पाठवायचं म्हणजे एकच फेरी पडते, म्हणून त्यांनी दोघांसाठी एक जानेवारी सांगितली. कारकून म्हणाला, जुळे नाहीत, तर एकच तारीख कशी चालेल? थोडं अंतर हवं. वडील समजूतदार. त्यांनी चार महिने सोडले. अंतर निदान नऊ महिन्यांचं तरी लागतं, हे त्या वेळी दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वडिलांच्या डोक्यात खेचर होतं.

“आमच्या पिढीत असं घरोघरी आहे,” रेम्झी म्हणाले.

“मला ठाऊक आहे हो काका. माझी आजी तिच्या आईपेक्षा अकरा वर्षांनीच लहान आहे. पण हे कागद पुढे जातात, तिथल्या माणसांच्या आज्या वेगळ्या असतात. लेखी खुलासा द्या. दोघा भावांचा, नोटरीच्या शिक्क्यासह. आणि लवकर.”

संध्याकाळी विल्दानताईंनी स्वयंपाकघरात ठाण मांडलं. बादलीचं प्रायश्चित्त म्हणून त्या बोरेकचा, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचा, अख्खा थाळा घेऊन आल्या होत्या.

“सोपं आहे. शाकीर अपुऱ्या दिवसांचा झाला म्हणून लिहा. माझा चुलतभाऊ सातव्या महिन्यात झाला, आज त्याचा ट्रक आहे.”

“सातव्या नाही, विल्दानताई,” रेम्झी म्हणाले. “चौथ्या.”

“मग दत्तक म्हणा.”

“त्याचं नाक बघितलंय का?” नेर्मिन म्हणाली. “दोघांचं एकाच साच्यातून काढलेलं.”

“मग सावत्र म्हणा ना! दुसरी आई. जुन्या काळात असायच्या.”

रेम्झींनी बोरेकचा तुकडा ताटात परत ठेवला. “माझ्या आईने दोन मुलं जन्माला घातली, विल्दानताई. त्यातलं एक मी काठी बघायला जायचंय म्हणून दुसऱ्या बाईच्या पदरात टाकू?”

यावर विल्दानताईंनी विषय बदलला. पण दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांनी तो पुन्हा जागेवर आणला असावा. कारण शनिवारी तीस किलोमीटरवरच्या गावातून शाकीर आला, तो दारातच ओरडला, “मला सावत्र करतोयस होय रे?”

शाकीर सूर्यफुलांची शेती करायचा, आणि शेताच्या या टोकावरून त्या टोकाशी बोलायची सवय असल्यामुळे त्याचा आवाज घरात मावत नसे. नेर्मिनने त्याला चहा दिला, उतारा दाखवला. त्याने बराच वेळ बघितला. चेहऱ्यावरचा राग ओसरला आणि त्याच्या जागी काहीतरी जास्त धोकादायक आलं.

“चार महिने?” तो म्हणाला. “फक्त चार महिने?”

“कागदावर रे. खरं अंतर वर्षाचं असेल.”

“साठ वर्षं तुला दादा म्हणतोय. प्रत्येक ईदला तुझा हात कपाळाला लावतोय. तुझ्या जुन्या विजारी घातल्या. आणि सरकार म्हणतंय चार महिने! चार महिन्यांचा कुणी दादा असतो होय, वहिनी?”

“भोपळ्याचा वेलसुद्धा चार महिन्यांत दादा होत नाही,” नेर्मिन म्हणाली. तिला आता मजा येऊ लागली होती.

“सही करतो,” शाकीर म्हणाला. “पण आधी सायकलचं बोल.”

सायकल सत्तर सालची होती. थोरल्याला मिळाली होती. रेम्झी शाळेत सायकलवर जात आणि शाकीर मागून पळत. सायकलला मागे बसायची जागा नव्हती, हे रेम्झींनी तेव्हा सांगितलं होतं, आणि आताही सांगितलं.

“होती,” शाकीर म्हणाला. “तू तिथे दप्तर ठेवायचास.”

रेम्झींनी भिंतीकडे पाहिलं. दप्तर त्यांना स्पष्ट आठवलं. चामड्याचं होतं.

“ठेवायचो,” ते शेवटी म्हणाले. “दप्तर तू धरून बसला असतास तरी चाललं असतं. चुकलंच माझं.”

शाकीरने नाक शिंकरलं, वहिनीकडे अजून एक चहा मागितला, आणि सही करायला तयार झाला.

नोटरीने दोघांकडे पाहिलं आणि खऱ्या जन्मतारखा विचारल्या. दोघांनाही माहीत नव्हत्या. म्हणून हनीफे आत्याला आणावं लागलं. वय एक्क्याण्णव, कागदावर चौऱ्याऐंशी.

“रेम्झी झाला तेव्हा भोपळे काढत होतो,” आत्या ठामपणे म्हणाल्या.

“आणि शाकीर?”

“तेव्हाही भोपळेच काढत होतो. पुढच्या सालचे.”

“तारीख?” नोटरीने पेन उचललं.

“भोपळ्याची का तारीख असते रे बाळा? पिकला की काढायचा.”

नोटरीने पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की खुलासा तुम्हीच लिहा, मी फक्त सह्या खऱ्या आहेत एवढंच सांगेन. रेम्झींनी तो रात्रीच्या जेवणाआधी, एका बैठकीत लिहिला. त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं लिखाण. तीन पानं आणि एक तक्ता. त्यातलं मधलं वाक्य असं होतं : ‘माझ्या वडिलांच्या नोंदीत शून्य चुकीच्या जागी बसलेला आहे, म्हणून तीवरून काढलेलं अंतर विश्वासार्ह नाही, तथापि दोन्ही मुलगे खरे आहेत.’

चौदा तारखेला खुलासा खिडकीत गेला. मग काहीच झालं नाही. पंधरा, सोळा, सतरा. नेर्मिनचा पासपोर्ट अठराला आला. वर्षभराचा व्हिसा, कितीही वेळा जा, कितीही वेळा या.

“काय लिहिलं होतंस तू?” रेम्झींनी तिसऱ्यांदा विचारलं.

“मासे,” नेर्मिन म्हणाली.

रेम्झींनी सकाळी सात वाजता उठून खिडकीत उभं राहायला सुरुवात केली. एकोणीस. वीस. अनेस्तीचा रोज फोन येई. “येताय ना? काठी घेऊन येताय ना?” त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता. एका माणसाला माझ्या शून्याची इतकी काळजी आहे, या विचाराने रेम्झींना भरून येई. आणि इथे आपण भोपळ्यांच्या तारखा शोधतोय. एकवीसला त्यांनी कचेरीत फोन केला. ‘अर्ज विचाराधीन आहे,’ असं सांगण्यात आलं. काठीचा विचार चालू आहे की शाकीरचा, असं त्यांनी विचारलं. पलीकडून फोन ठेवला गेला.

बावीसला दुपारी पासपोर्ट आला. तेवीस आणि चोवीस ऑक्टोबर. दोन दिवस. एकदाच जायचं, एकदाच यायचं. का मिळाला, ते कुणी सांगितलं नाही. दोनच दिवस का, तेही नाही. रेम्झींनी व्हिसा उजेडात धरून मागून-पुढून पाहिला. ज्या माणसाने खरं लिहिलं त्याला दोन दिवस, आणि जिने मासे लिहिले तिला वर्ष. यात काहीतरी नियम असणार, पण तो एवढ्या दोन नोंदींवरून काढता येत नव्हता.

तेवीसला सकाळी त्यांनी टोमॅटोचे वेल सोडवले आणि काठी गाडीत घातली. ती मागच्या खिडकीतून हातभर बाहेर राहिली. विल्दानताई वर बाल्कनीत रिकाम्या हातांनी उभ्या होत्या आणि त्यांना ते सोसवत नव्हतं. “नुसतं चमचाभर?” त्यांनी विचारलं. नेर्मिनने खालून हात जोडले.

सीमेवर आपल्याच बाजूच्या शिपायाने गाडी थांबवली.

“कुठे निघालात?”

“काठी बघायला.”

शिपायाने खिडकीतून बाहेर आलेल्या काठीकडे पाहिलं. “मग ही काय आहे?”

“ही काठी.”

“काठी घेऊन काठी बघायला चाललात?”

“हो.”

“म्हणजे तिकडे काठी नाहीये.”

“आहे ना. म्हणून तर चाललोय.”

शिपाई तरुण होता आणि त्याची पाळी संपत आली होती. त्याने नेर्मिनकडे पाहिलं. नेर्मिन म्हणाली, “मासे खायला, बाळा.” त्याने दांडी वर केली.

एकशे ऐंशी मीटर पलीकडे पोचायला दीड तास लागला. चिनारांच्या रांगेशी एक ठेंगणा, टोपीवाला माणूस उभा होता. टोपी रेम्झींनी सत्तावीस वर्षं पाहिली होती. टोपीखालचा चेहरा मात्र पहिल्यांदाच पाहत होते. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि दोघांनाही पुढे काय करायचं ते सुचेना. सात वाजून पाच मिनिटं तर केव्हाच होऊन गेली होती. अनेस्तीने अक्रोड काढले, छोट्या बाटलीतून कसलंसं कडक पेय ओतलं, नेर्मिनला घडीची खुर्ची दिली, मुलाबाळांची चौकशी केली.

“काठी,” रेम्झी म्हणाले.

“हो, हो. आधी अक्रोड घ्या.”

“अनेस्ती, काठी.”

अनेस्ती त्यांना पाण्याकडे घेऊन गेला. तिथे सिमेंटचा एक चौथरा होता, आणि चौथऱ्यातून वर आलेला वीतभर लोखंडी खुंट. गंजलेला, एका बाजूला वाकलेला. रेम्झींनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं.

“काठी कुठंय?”

“बर्फाने नेली.”

“कधी?”

अनेस्तीने टोपी काढली. “मी कामावर लागलो ना, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात.”

नदी वाहत होती. दूरवर एक बदक ओरडलं.

“मी वर कळवलं होतं,” अनेस्ती भराभर बोलू लागला. “पाठवतो म्हणाले. तेवढ्यात तुमचा पहिला फोन आला, तुम्ही आकडा सांगितलात, किती छान, स्वच्छ सांगितलात! मी म्हटलं, आजचा दिवस ढकलू. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमचा फोन.”

“आणि अकरा?” रेम्झींचा आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. “अकरा कुठून आले?”

“आता दोन देशांचे आकडे अगदी एकसारखे आले तर कुणाला शंका येईल. थोडं अंतर हवं. मी दहा म्हणणार होतो. पण दहा बनवलेलं दिसतं. अकरा खरं दिसतं.”

रेम्झी चौथऱ्यावर बसले. नऊ हजार आठशे बासष्ट. तापातले दोनशे त्र्याऐंशी त्यांच्या डोळ्यांपुढून संथपणे वाहत गेले. ते दोनशे अडतीसच होते. आणि आपला शून्य बरोबर होता की नाही, हे आता जगात कधीच कुणाला कळणार नव्हतं.

“जूनपासून काय केलंत?” त्यांनी विचारलं. “जूनपासून तर मी फोन केलेला नाही.”

“तुमच्या घाटाच्या पायऱ्या बघतो.” अनेस्तीने समोर बोट दाखवलं. “तुम्ही कुठल्या पायरीवर उभे असलात की किती सांगता, ते मला पाठ झालंय. आज चौथीच्या खालच्या कडेला पाणी आहे.”

रेम्झींनी पलीकडे पाहिलं. आपला घाट त्यांनी या बाजूने कधीच पाहिला नव्हता. लहानसा होता. चौथ्या पायरीची खालची कड म्हणजे एकशे बेचाळीस. “आज किती लिहिलंत?”

“एकशे त्रेपन्न.”

चूक काढायला जागाच नव्हती. रेम्झींना संतापायचं होतं, पण संताप कुठून सुरू करावा ते कळेना.

“उद्या काठी काढायला माणसं येणार,” अनेस्ती म्हणाला. तो आता चिमुकला दिसत होता. “अन् काढायला काठी नाही. पुढच्या आठवड्यात मी निवृत्त. पेन्शनचे कागद त्यांच्याच हातात. म्हणून म्हटलं, तुमची जुनी... वरची चार मीटर बर्फाने नेली म्हणून सांगेन. तुम्हाला नाही तर कुणाला सांगणार, रेम्झी एफेंदी? या नदीवर दुसरं कोण आहे माझं?”

रेम्झींनी मागे पाहिलं. नेर्मिन खुर्चीत बसून अक्रोड फोडत होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिने फक्त गाडीच्या मागच्या खिडकीकडे हनुवटी केली.

ज्या माणसाने एका रकान्यात अक्रोपोलिस लिहायला नकार दिला होता, तो माणूस उठला, त्याने बूट काढले, मोजे घडी करून बुटांत ठेवले आणि विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले. काठीच्या मागे तुर्की सरकारचा शिक्का होता, तो अनेस्तीने पटाशीने तासून काढला. टोमॅटोची वाळकी पानं रेम्झींनी स्वतः पुसली. मग दोघं चौथऱ्याच्या कडेच्या गुडघाभर पाण्यात उतरले आणि पुढच्या खोल पाण्यात काठी सोडून ती तारेने खुंटाला बांधू लागले.

पहिल्यांदा पाणी एकशे बेचाळीसवर आलं. रेम्झींच्या हातांनी ती आपसूकच तिथे धरली होती. त्यांनी क्षणभर त्या आकड्याकडे पाहिलं, खरा आकडा, आणि मग काठी खाली सरकवायला सुरुवात केली. पाणी थंड होतं. काठी जड होती. तार हाताला कापत होती.

“बास, बास,” अनेस्ती धापा टाकत म्हणाला. “एकशे बावन्न झालं. बांधू इथेच. एका सेंटिमीटरने कुणाला काय कळतंय? दहा तर दहा.”

“नाही,” रेम्झी म्हणाले, आणि खांदा लावून त्यांनी काठी अजून थोडी खाली दाबली. “दहा बनवलेलं दिसतं.”